दारू सोडल्यावर आधारगट: शोधायचा कसा, आत काय होतं, आणि टिकायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दारू बंद करून तीन आठवडे झालेत. याआधी दोनदा सोडली होती, दोन्ही वेळा काही महिन्यांत परत सुरू झाली. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि ‘एखाद्या आधारगटात जात जा’ म्हणाले. तुम्ही दोन नंबर शोधले. एक कुणी उचलत नाही, दुसऱ्यावर पत्ता मिळाला. तिथवर गेलातही, आत माणसं बसलेली दिसली, आणि आपलं इथे काही काम नाही अशा थाटात सरळ पुढे निघून गेलात. आता विचारताय की ओळखीचं कुणी भेटलं तर काय, देव मानत नाही तर चालेल का, बोलावंच लागतं का, बायको सोबत येते म्हणते तर आणावं का, आणि एवढं करून काही उपयोग होतो की नुसत्या गप्पा असतात.

मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे, बरीच वर्षं. स्वतः या गटांचा सभासद नाही, त्यामुळे आतल्या माणसाचा अनुभव माझ्याकडे नाही. पण माणसांना गटात पाठवणं, ती तिथे टिकतात का ते बघणं, नाही टिकली तर का ते विचारणं, हे माझं रोजचं काम आहे. खुल्या, म्हणजे कुणालाही बसता येईल अशा मीटिंगांना जाऊन बसतो. तेवढ्या बळावर लिहितोय.

पत्ता तर तुम्हाला मिळालेला आहे. अडलंय ते उंबऱ्यापाशी. आणि तिथे अडणारे तुम्ही काही एकटे नाही. १९८१ साली सिसन आणि मॅलम्स या अभ्यासकांनी एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. दारूवर उपचार घेणाऱ्या २० जणांपैकी निम्म्यांना नेहमीसारखी माहिती दिली: मीटिंग अमुक ठिकाणी, अमुक वाजता, जाऊन या. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्या समोरच गटातल्या सभासदाला फोन लावला, बोलणं करून दिलं आणि सोबत कोण येणार ते तिथल्या तिथे ठरवून टाकलं. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी एकही जण मीटिंगला पोचला नाही. दुसरे सगळे पोचले. वीस जणांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरं, पण मला कामात दिसतं ते अगदी हेच. म्हणून मी चिठ्ठीवर पत्ता लिहून देत नाही, समोर बसवून फोन लावायला सांगतो.

तुम्हीही तेच करा. ज्या नंबरवर पत्ता मिळाला तिथे परत फोन करा आणि जे झालं ते तसंच सांगा: ‘मी आलो होतो, बाहेरूनच परत गेलो. पुढच्या मीटिंगला कुणी दहा मिनिटं आधी बाहेर भेटेल का?’ पलीकडच्या माणसाला याचं जराही नवल वाटणार नाही. बहुतेकदा तो हसून स्वतःची तशीच गोष्ट सांगायला लागतो. भेटायची जागा नीट विचारून घ्या. हे गट सहसा भाड्याच्या किंवा कुणी वापरायला दिलेल्या खोलीत भरतात, बाहेर पाटी नसते किंवा असलीच तर कागदावर दोन अक्षरं, आणि प्रवेश बरेचदा मागच्या जिन्याने असतो. नवीन माणूस इमारतीभोवती दोन चकरा मारतो, कुणाला विचारायची लाज वाटते, आणि ‘सापडलंच नाही’ म्हणून घरी जातो. तेव्हा जिना कुठला, मजला कितवा, सगळं फोनवरच.

जो नंबर उचलला जात नाही, त्यावरून गट बंद पडला असा अर्थ लावू नका. या गटांना पगारी माणसं नसतात. फोन एखाद्या सभासदाकडे असतो, तो दिवसा कामावर असतो, आणि ही जबाबदारी दर काही महिन्यांनी हातपालट होते. संध्याकाळी करून बघा, दोन ओळींचा मेसेज टाकून ठेवा. नंबर कुठल्या तरी जुन्या यादीतून घेतला असेल तर तो बदललेला असण्याचीच शक्यता जास्त. संघटनेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची यादी त्यातल्या त्यात ताजी असते, तरी तिथली वेळही निघण्याआधी एकदा फोनवर खात्री करून घ्यावी. बंद खोलीपुढे उभं राहायची वेळ आली की माणूस दुसऱ्यांदा फिरकत नाही. याशिवाय एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समाजसेवकाला किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागात विचारा. कुठला गट जिवंत आहे, कुठला नावापुरता उरलाय, कुठे नवीन माणसाची नीट दखल घेतात, ही माहिती यादीत नसते, त्यांच्या डोक्यात असते.

आता गट कुठले. सगळ्यात जास्त ठिकाणी सापडेल तो अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ आज १८० च्या आसपास देशांत आहे. तिथे बारा पायऱ्यांचा कार्यक्रम असतो, म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे मान्य करण्यापासून स्वतःला टप्प्याटप्प्याने बदलण्याच्या बारा गोष्टी. दुसरा प्रकार स्मार्ट रिकव्हरीसारख्या गटांचा, १९९४ पासूनचा. तिथे प्रशिक्षित संचालक असतो, विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती वापरतात, एकमेकांना प्रश्न विचारून चर्चा चालते. देवाचा विषय तिथे निघत नाही. तिसरा प्रकार म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रांनी आपल्या जुन्या रुग्णांसाठी चालवलेल्या पाठपुरावा मीटिंगा. बाहेरच्या माणसाला घेतात की नाही ते केंद्रावर अवलंबून. केवळ स्त्रियांसाठीचे गटही असतात, आणि ज्या बाईला पुरुषांनी भरलेल्या खोलीत तोंड उघडता येत नाही तिने आधी तेच शोधावेत. प्रत्यक्षात मात्र निवड आपल्या हातात फारशी नसते. जवळ जे आहे त्यातूनच बहुतेकांना घ्यावं लागतं, आणि बरेचदा ते एएच असतं. म्हणून पुढचं मुख्यतः त्याबद्दल.

देवाचं लगेच सांगतो. बारा पायऱ्यांत देव शब्द येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मीटिंगच्या शेवटी बहुधा एक छोटी प्रार्थनाही होते. पण सभासद होण्याची अट एकच आहे, आणि ती एएच्या परंपरेत लिहून ठेवलेली आहे: दारू थांबवण्याची इच्छा. श्रद्धेची अट नाही. पायऱ्यांमध्येही ‘आम्हाला उमगला तसा’ देव अशी सवड मुद्दाम ठेवलेली आहे, आणि कितीतरी नास्तिक मंडळी त्या जागी ‘हा गट’ असं धरून वर्षानुवर्षं येतात. प्रार्थनेच्या वेळी नुसतं उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नाही. हे गटागटावरही असतं. एखाद्या ठिकाणी भक्तीचा सूर फार लागतो, दुसऱ्या ठिकाणी तासाभरात देवाचं नावही निघत नाही. त्या एका कारणावरून परत फिरायचं असेल तर निदान दोन-तीन वेगळ्या मीटिंगा बघून मग फिरा.

उपयोग होतो का? इथे मी नुसता अनुभव सांगितला तर तो पुरेसा नाही, कारण जे गटात टिकले तेच माझ्या डोळ्यांसमोर असतात. २०२० मध्ये कॉक्रेनने, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, या विषयावरच्या २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा काढला. त्यात १०,५६५ माणसांची माहिती होती. ज्यांना ठरवून, पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलं त्यांच्यापैकी साधारण ४२ टक्के लोक वर्षभरानंतर पूर्ण कोरडे, म्हणजे अजिबात न पिणारे, होते. इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे चमत्कार नाही. निम्म्याहून अधिक लोक इकडेही प्यालेच. पण मानसोपचाराच्या नावाजलेल्या पद्धतींच्या तोडीचा, पूर्ण कोरडं राहण्याच्या बाबतीत जरा वरचढच, असा हा उपाय आहे आणि तो फुकट आहे. ‘पद्धतशीरपणे जोडून दिलं’ हे शब्द मात्र लक्षात असू द्या. ज्याने एक मीटिंग मागच्या खुर्चीवर काढली त्याला हे आकडे लागू नाहीत.

आणि उपयोग कशाने होतो, यावरही बराच अभ्यास झालाय. मोठा वाटा असा दिसतो की माणसाचं गणगोत बदलतं: पिणाऱ्यांची संगत कमी होते, न पिणाऱ्यांची वाढते, आणि प्यायचा प्रसंग आला तरी आपण निभावू असा भरवसा येतो. माझ्या मते तुमच्या दोन फसलेल्या खेपांचं उत्तर इथेच आहे. तुम्ही लिहिलंय की दोन्ही वेळा ‘मनाशी ठाम ठरवून’ सोडली. ठरवणं खोटं नव्हतं. पण ज्या संध्याकाळी ते डळमळलं, त्या संध्याकाळी फोन करण्यासारखं कोण होतं? जुने मित्र, म्हणजे सोबत पिणारे. किंवा घरचे, म्हणजे ज्यांना ‘मला आत्ता प्यावीशी वाटतेय’ हे सांगताच घरात रडारड सुरू होणार. तिसरं कुणी नव्हतं. गट तो तिसरा माणूस देतो.

म्हणून गट निवडताना माझा निकष एकच असतो: तुमच्या वाईट दिवशी तो कामाला येईल का. चांगल्या दिवशी माणूस कुठेही जातो, दोन गाड्या बदलून, भाषण ऐकायला आवडतं म्हणून लांबच्या गटात जातो. वाईट दिवस म्हणजे साहेबाने चारचौघांत झापलंय, पोटात काही नाही, घरी जायची इच्छा नाही, आणि वाटेत दुकान आहे. त्या दिवशी जो गट वाटेवर आहे, कामावरून सुटण्याच्या वेळेला भरतो, आणि जिथल्या निदान दोन माणसांना तुमचं नाव माहीत आहे, तो तुमचा गट. तिथली खोली कोंदट असेल, बोलणारे साधे असतील, असू देत. तुमच्या भाषेत बोलणारी माणसं असावीत हेही त्यातच आलं. दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही असं नाही, पण थकलेल्या माणसाला तो खटाटोप नको असतो.

ऑनलाइन मीटिंगांनाही मी हाच निकष लावतो. २०२० नंतर त्या सगळीकडे झाल्या. कॅमेरा बंद ठेवून एखादी ऐकायला हरकत नाही, उलट पहिल्यांदा आत काय चालतं ते कळायला ती बरी. लांब राहणाऱ्यांना, लहान मुलं असलेल्या बायकांना, रात्री-अपरात्री तलफ आलेल्यांना तिचा आधार मोठा आहे. पण जाणं शक्य असताना केवळ तिच्यावर भागवू नका, कारण खोलीत दिसणारा चेहरा स्क्रीनवर बंद ठेवता येतो, आणि वाईट दिवशी आपण तो बंदच ठेवतो.

आत काय होतं ते आता जरा तपशिलात सांगतो, कारण निम्मी भीती त्या अज्ञाताची असते. मीटिंग तास-दीड तासाची. खुर्च्या गोल मांडलेल्या किंवा टेबलाभोवती. पुढे बसलेला माणूस अधिकारी नसतो, त्या दिवशी मीटिंग चालवायची पाळी त्याची असते. सुरुवातीला एक ठरलेला मजकूर वाचतात: आम्ही कोण, कशासाठी जमतो, फी नाही, कुठल्या पंथ-पक्षाशी संबंध नाही. मग विचारतात, ‘आज कुणी पहिल्यांदा आलंय का?’ तुमच्या पोटात गोळा येणार तो इथे. हात वर करणं सक्तीचं नाही. करा मात्र, असं मी सांगेन, कारण त्यामुळे मीटिंग संपल्यावर माणसं आपणहून तुमच्याकडे येतात, तुम्हाला कुणाकडे जावं लागत नाही. नाव विचारलं तर पहिलं नाव पुरे. तेही बदलून सांगितलं तरी कुणी ओळखपत्र मागत नाही.

मग शेअरिंग. एकेक जण ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात, आणि तो पाच-सात मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, संपल्यावर कुणी सल्ला देत नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. एक जण सांगतो की मुलीच्या वाढदिवसाला केक आणायला निघाला आणि पहाटे परतला, आणि खोलीत कुणी ‘अरेरे’ सुद्धा म्हणत नाही. पुढचा माणूस बोलायला लागतो. हळूहळू ध्यानात येतं की इथे कुणी चकित होत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट घरी, ऑफिसात, डॉक्टरपुढे मिळत नव्हती. मधे एखाद्याला तीस दिवस झाल्याचं नाणं देतात, टाळ्या होतात. शेवटाकडे एक पिशवी फिरते, सभासद त्यात आपापल्या ऐपतीने टाकतात, भाड्याला आणि चहाला. गट बाहेरून देणग्या घेत नाही. नवीन माणसाने काही टाकायची अपेक्षा नसते, पिशवी पुढे द्यायची.

तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकायला आलोय’ एवढं म्हणा. पुरतं. स्वतःला अल्कोहोलिक म्हणवणं जड जात असेल तर पहिल्या दिवशी म्हणू नका. ‘माझं नाव अमुक, माझं दारूचं काही खरं नाही’ म्हणालात तरी नमस्कार तेवढाच जोरात होतो. मीटिंग खुली आहे की बंद, तेवढं मात्र आधी विचारा. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतो, नातेवाईकसुद्धा. बंद मीटिंग ज्यांना स्वतःला दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठीच असते.

ऐकताना एक होईल, त्याची आधीच कल्पना देतो. कुणी तरी सांगेल की नोकरी गेली, बायको सोडून गेली, रस्त्यावर झोपलो. तुमच्या मनात येईल, ‘माझं एवढं काही झालेलं नाही, मी चुकीच्या ठिकाणी आलोय.’ पहिल्या मीटिंगनंतर न येणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं कारण हेच. त्यांच्या आणि तुमच्या गोष्टीत काय वेगळं आहे ते सोडून द्या, काय जुळतं तेवढंच ऐका: बाटली लपवणं, ‘आजच्यापुरती’ म्हणणं, सकाळी फोन तपासून रात्री कुणाला काय बोललो ते बघणं.

ओळखीचं कुणी भेटलं तर? मोठ्या शहरात ही भीती वाटते त्यापेक्षा कमी खरी असते, लहान गावात बरीच खरी असते. गटातलं बाहेर न्यायचं नाही हा नियम आहे आणि तो बहुतेक लोक कसोशीने पाळतात, कारण प्रत्येकाचं गुपित दुसऱ्याच्या हातात असतं. पण नियम म्हणजे कायदा नव्हे, हमी मी देणार नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, पोलीस यांना मी थोडं लांबचा गट सुचवतो किंवा सुरुवात ऑनलाइन करायला सांगतो, आणि ज्या गोष्टी कोर्टात किंवा नोकरीत अंगाशी येतील त्या खोलीत न बोलता समुपदेशकाशी बोलायला सांगतो. बाकीच्यांना एक विचारतो: तुम्ही पिता हे किती जणांना माहीत आहे? बहुतेकदा सगळ्या गल्लीला माहीत असतं. न पिण्यासाठी कुठे जाता हे कळण्याची लाज तेवढी वाटते. तो ओळखीचा माणूस भेटलाच, तर तोही त्याच कामासाठी तिथे बसलेला असेल.

मीटिंग संपल्याबरोबर चपला घालून पळू नका. मी म्हणेन, मीटिंगचा अर्धा फायदा नंतरच्या पंधरा मिनिटांत असतो. खुर्च्या उचलायला हात लावा. काम हातात असलं की बोलायचं अवघडलेपण जातं. तेव्हा दोन-तीन जण नंबर देतील. घ्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यातल्या एकाला फोन करा, काही कारण नसताना. ‘काल भेटलो होतो, नंबर बरोबर आहे का बघत होतो’ एवढंच बोलून ठेवा. कारण नसताना ज्याला एकदाही फोन केला नाही, त्याला तलफ आलेली असताना पहिला फोन जात नाही.

आपण उगाच त्रास देतोय असं वाटेल. त्यावर एएची सुरुवातच ऐका. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन १९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन गावी गेला होता. काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा, बाजूलाच बार, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्याने लॉबीतल्या फोनवरून गावातल्या धर्मगुरूंना फोन लावायला सुरुवात केली: मला बोलायला एक दारुडा हवा आहे. त्यातून तो डॉक्टर बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. बिल तिथे उपकार करायला गेला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. डॉक्टर बॉबचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा, आणि तोच एएचा स्थापनादिन मानतात. तुमचा फोन उचलणाऱ्या जुन्या सभासदाचंही असंच असतं. तुमच्याशी बोलल्याने त्याचा स्वतःचा दिवस कोरडा जातो.

पुढे स्पॉन्सरचा विषय निघेल, म्हणजे पायऱ्या समजावून सांगणारा, नेहमी संपर्कात राहणारा जुना सभासद. घाई नको. काही मीटिंगा बघा, ज्याचं बोलणं आणि वागणं जुळतं असं वाटेल त्याला विचारा. पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री निवडावी असा संकेत आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, असंही कुणी सांगेल. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. नोकरी-संसारात ते जमत नसेल तर आठवड्याला तीन आणि मधल्या दिवशी एक फोन, एवढं मी सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी मागतो.

सगळेच गट चांगले नसतात, हेही सांगायला हवं. कुणी ‘गोळ्या बंद कर, गोळ्या म्हणजेही नशाच’ म्हणालं तर ऐकून सोडून द्या. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिरम ही दारूपासून दूर राहायला मदत करणारी औषधं किंवा नैराश्याची औषधं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बंद करायची नाहीत. सभासदाने डॉक्टरकी करू नये ही एएची स्वतःचीच भूमिका आहे. कुणी उसने पैसे मागायला लागलं, धंद्यात ओढायला लागलं, किंवा नव्याने आलेल्या बाईशी सलगी करायला लागलं, तर तिथून उठा आणि दुसरा गट बघा. एकाच माणसाचं सगळी मीटिंगभर प्रवचन चालत असेल तर तो गट आजारी आहे. मात्र पहिल्याच दिवशी एखादा रटाळ बोलला म्हणून निकाल देऊ नका. कमीत कमी सहा मीटिंगा, त्याही दोन वेगवेगळ्या गटांत, मग ठरवा.

आणि समजा मधेच प्यायलात. होऊ शकतं. लोक अशा वेळी गट टाळतात, ‘परत तोंड कसं दाखवू’ म्हणून, आणि घसरण तिथूनच लांबते. दुसऱ्या दिवशीची मीटिंग गाठा. दिवस शून्यापासून मोजायला लागतील, पण खुर्ची कुणी काढून घेत नाही. पिऊन आलेल्यालाही बहुतेक गट बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नको म्हणतात. एक गोष्ट मात्र गटाच्या हातातली नाही. बरेच दिवस सलग, भरपूर प्यायला असाल तर घरच्या घरी एकदम थांबवू नका, आधी डॉक्टर. थरथर, घाम, उलट्या साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतात, झटके यायचे तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि भ्रम होणं, नसलेलं दिसणं, हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात जीव जाऊ शकतो. तुमचे तीन आठवडे झालेत म्हणजे या खेपेची ती वेळ टळलीय. हे पुढच्यासाठी, आणि तुमच्या पाठोपाठ हे वाचणाऱ्यांसाठी.

राहिल्या वहिनी. त्यांना सोबत यायचंय ही चांगलीच गोष्ट आहे, पण तुमच्या नेहमीच्या मीटिंगला शेजारी बसवू नका. खुल्या मीटिंगला एकदा जरूर आणा, म्हणजे तुम्ही कुठे जाता ते त्यांना कळेल. एरवी त्या शेजारी असल्या की तुम्ही त्यांना सोसवेल तेवढंच बोलणार. त्यांच्यासाठी वेगळा गट असतो, अल-अनॉन, १९५१ मध्ये बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने सुरू झालेला. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच तो आहे, आणि तुम्ही पीत असा-नसा, त्यांना तिथे जाता येतं. मुलं मोठी असतील तर किशोरवयीनांसाठी अलाटीन आहे. काही ठिकाणी एए आणि अल-अनॉन एकाच वेळी शेजारच्या खोल्यांत भरतात, फोनवर तेही विचारा.

दोघांमध्ये एवढं आधी ठरवून घ्या: मीटिंगहून आल्यावर ‘काय झालं, कोण काय बोललं’ हे त्यांनी विचारायचं नाही, आणि त्यांच्या मीटिंगबद्दल तुम्हीही नाही. सांगावंसं वाटलं तर आपलं आपण सांगायचं. आणि पहिल्या काही आठवड्यांत त्या तुमच्या तोंडाचा वास घेतील, खिसे बघतील. त्याचा राग येईल तेव्हा तो घरी न काढता, खिशात ज्याचा नंबर आहे त्याला फोन करा.